वॉल्टचं बोट आणि नवा ट्रिगर

आमच्या क्लबात कुणी पिस्तुलाला नवा ट्रिगर बसवून आणला की वॉल्टर प्रोकोप चष्मा कपाळावर चढवायचा, पिस्तूल उलटसुलट करून बघायचा आणि म्हणायचा, "छान आहे. आता बोट पण बदलून घे." मग पिस्तूल ज्याचं त्याला परत आणि वॉल्ट माझ्या काउंटरवर, कॉफीला. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की तो चष्म्याला हात लावायच्या आत मी त्याचा कप भरायला घ्यायचे.

क्लब म्हणजे अग्निशामक दलाच्या इमारतीचं तळघर. वर बंब उभे, खाली आम्ही. हिवाळाभर गुरुवारी संध्याकाळी पिस्तुलांची लीग चालते. काउंटर माझा, म्हणजे ग्लेंडा सॅबोलचा. कॉफी, हॅमचं सँडविच आणि लोण्यात परतलेली कोबी-नूडल्सची हालुष्की, एवढंच मिळतं आणि तेवढ्यावर आजवर कुणी उपाशी गेलेलं नाही. लोकांची पोटं भरली की मीही एप्रन काढून माझं पिस्तूल घेते आणि ओळीत उभी राहते. माझी जागा वॉल्टच्या डाव्या हाताला. म्हणूनच जे दिसलं ते मला दिसलं. दुसऱ्या कुणाला दिसलं असतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती, आणि मला वाटतं, वाईट झाली असती.

वॉल्टने जन्मभर काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. समोरचं अजस्र पातं वरखाली करायचा दांडा उजव्या हाताला असायचा, आणि कडाक्याच्या थंडीत तो दांडा सहजी हलत नसे. एकदा भर हिमवादळात मी गाडी रस्त्याच्या कडेला, त्याच्या पात्याच्या वाटेत लावली होती. त्याने ट्रक थांबवला, काच खाली केली आणि मला असं काही सुनावलं की माझे कान थंडीतही गरम झाले. मग माझ्या दारातला बर्फ बाजूला सारून, एक शब्द न बोलता पुढे गेला. माणूस हा असा. कौतुक करायला जाल तर हाताला काटा लागेल, आणि रुसून बसाल तर तो तुमचं अंगण साफ करून जाईल.

क्लबात तो वजनाचा मालक होता. आमच्याकडे दोन गट आहेत. साध्या गटातल्या पिस्तुलाचा ट्रिगर फार हलका असून चालत नाही. मोकळ्या गटात काय हवं ते बसवा. कोण कुठल्या गटात, ते ठरवायला एक सूपचा डबा आहे. वॉल्टने त्यात वितळलेलं शिसं ओतून बरोबर दोन पौंडांचा केलाय आणि वर तारेचा हुक लावलाय. मोसम सुरू होताना एकदा आणि नाताळनंतर पुन्हा एकदा सगळ्यांची पिस्तुलं तपासली जातात. रिकामं पिस्तूल, घोडा मागे ओढलेला, नळी छताकडे. हुक ट्रिगरला अडकवायचा आणि पिस्तूल हळूच वर उचलायचं. डबा टेबलावरून सुटला आणि ट्रिगर तसाच राहिला तर तुम्ही साध्या गटात. मध्येच खट् वाजलं तर मोकळ्या गटात. भिंतीवर खिळ्यांच्या दोन रांगा आहेत, त्यावर प्रत्येकाच्या नावाची लाकडी पट्टी. साध्या गटात सगळ्यात वरची पट्टी वॉल्टची, आणि तिच्याभोवतीची भिंत इतकी वर्षं न रंगवल्यामुळे पट्टीखाली तिचा फिका ठसाही पडलेला.

मोकळ्या गटात वरचा नंबर क्लिफ यॉस्टचा. क्लिफचं टायरचं दुकान आहे, आणि जगात पिस्तुलाला लावायची जी जी वस्तू निघते ती ती त्याच्याकडे आधी येते. नवा ट्रिगर, नवी स्प्रिंग, नवी मूठ, मग आधीच्यापेक्षा नवा ट्रिगर. 'बोट बदलून घे' हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा कुणाला ऐकावं लागलं असेल तर ते क्लिफला. तो हसायचा. पण हसताना कान लाल व्हायचे, ते मी काउंटरमागून बघत होते.

नोव्हेंबरातली गोष्ट. आमच्या लीगमध्ये एक जलद फेरी असते. दहा सेकंदांत पाच गोळ्या, मग भोंगा वाजतो. राहिलेली गोळी म्हणजे शून्य. पण पिस्तूल अडलं, गोळी फुटलीच नाही, तर हात वर करायचा, आणि ती फेरी तुम्हाला परत मिळते. पिस्तूल खरंच अडलं होतं का, हे बघायला कुणी येत नाही. माणसाच्या शब्दावर चालतं.

त्या गुरुवारी भोंगा वाजला आणि वॉल्टने हात वर केला.

ओळीवर हुकूम द्यायचं काम एमेट ड्रेबर करतो. त्याचं गावात बंदुकांचं दुकान आहे. तो म्हणाला, "वॉल्टचं अडलं. परत."

मी शेजारी उभी होते. त्याचं पिस्तूल अडलं नव्हतं. आत दोन गोळ्या शाबूत होत्या, ट्रिगर अर्ध्यावर होता, आणि वॉल्टचं बोट त्याच्यावर वाकून थांबलेलं होतं, गंजलेल्या बिजागरीसारखं. पुढच्या गुरुवारी त्याने पुन्हा हात वर केला. ज्या माणसाने नियमातल्या केसभर चुकीसाठी अर्ध्या क्लबाशी भांडण घेतलं, त्याने लागोपाठ दोनदा खोटा हात वर केला होता. मला राग आला. आधी राग आला, मग वाईट वाटलं. माझं नेहमी याच क्रमाने होतं.

सगळे निघाल्यावर तो कप परत द्यायला आला तेव्हा मी विचारलं, "गोळ्या खराब आहेत का रे?"

"असतील."

"माझ्या पण त्याच खोक्यातल्या आहेत. माझ्या फुटतात."

त्याने कप खाली ठेवला. मग उजवा हात काउंटरवर ठेवला. तर्जनीचं मधलं पेर अक्रोडाएवढं सुजलेलं. "अर्ध्यापर्यंत येतं," तो म्हणाला, "आणि मग ऐकत नाही."

"डॉक्टर?"

"डॉक्टर म्हणतो संधिवात. म्हणतो, इतकी वर्षं तो दांडा ओढलास, आता बोटाला आराम दे. त्याला म्हटलं, आराम दिला तर गुरुवारी करू काय? तो म्हणतो, टीव्ही बघ."

"बर्नीसला सांगितलंस?"

बर्नीस त्याची बायको. "तिला सगळं माहीत असतं," तो म्हणाला. "ती म्हणते, तू गुरुवारी घरी बसणार असशील तर मी बहिणीकडे राहायला जाते."

मी सरळ म्हटलं, "मग हलका ट्रिगर बसव. क्लिफकडे पेटीभर पडलेत."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला चर्चमध्ये टोपी घालून बसायला सांगितलं. "ट्रिगर घ्यायचा तो आधी परीक्षा देऊन," तो म्हणाला. "इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलो. रविवारी येशील?"

परीक्षा म्हणजे मुकी गोळी. आत दारू नसलेली, नुसतीच गोळीच्या आकाराची. दुसऱ्या माणसाने खऱ्या आणि मुक्या गोळ्या मिसळून भरायच्या, नेमबाजाला कळू द्यायचं नाही. खऱ्या गोळीच्या धक्क्यात सगळं लपून जातं. पण मुकी गोळी आली की धक्का बसत नाही, नुसतं खट् होतं, आणि धक्क्याच्या भीतीने ज्याचा हात आधीच दचकतो त्याची नळी सगळ्यांसमोर खाली झुकते. मग वॉल्ट म्हणायचा, "बघितलंस? ट्रिगरला काय शिव्या देतोस?" बहुतेकांचा प्रश्न तिथेच सुटायचा. क्लिफनेही एकदा ही परीक्षा दिली होती. नळी अशी झुकली होती की वॉल्टने विचारलं, "नमस्कार कुणाला करतोयस?" तरी क्लिफने पुढच्याच आठवड्यात ट्रिगर घेतला.

रविवारी चर्चनंतर आम्ही दोघंच तळघरात. मी त्याच्याकडे पाठ करून गोळ्या भरल्या, मनाला येईल तशा. वॉल्ट उभा राहिला. पहिली खरी होती, दुसरी मुकी. खट्. नळी जागची हलली नाही. मी पुन्हा भरल्या, पुन्हा पुन्हा भरल्या. जेव्हा बोट शेवटपर्यंत आलं तेव्हा नळी भिंतीत रोवल्यासारखी स्थिर राहिली. जेव्हा आलं नाही तेव्हा तो हात खाली घ्यायचा, बोट झटकायचा, परत वर करायचा. त्याच्या नेमात काही चूक नव्हती. हातात भीती नव्हती, वाईट सवय नव्हती. फक्त बोट पोचत नव्हतं.

"पास झालास," मी म्हणाले. मला खरंच आनंद झाला होता.

वॉल्टला झाला नाही. त्याने पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि बाकावर बसला. "दचकत असतो तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "दचकणं काढता येतं. शंभर माणसांचं काढलंय मी."

मी त्याला डब्यातला ॲपल केकचा तुकडा दिला. तो त्याने खाल्ला.

एमेटच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. एमेट विकणारा असूनही विकायची घाई करत नाही, म्हणूनच त्याचं दुकान चालतं. त्याने वॉल्टचं बोट स्वतःच्या हाताने दाबून बघितलं, घोडे विकत घेणारा घोड्याचा पाय बघतो तसं. "जाणवतं का सगळं? बधिर नाही ना? बधिर असेल तर मी हलका ट्रिगर देणार नाही, तू माझा भाऊ असलास तरी."

"जाणवतं. जरा जास्तच जाणवतं."

"मग ऐक. ह्याने तुझा एक गुणही वाढणार नाही. नेम होता तोच राहील. ट्रिगर अर्ध्या अंतरात सुटेल, आणि कमी जोरात, एवढंच. चांगल्या बोटाच्या माणसाने घेतला तर ती नुसती चैन. तुझी गोष्ट वेगळी. आणि जुना फेकू नको, बरणीत ठेव. नको वाटलं तर परत बसवता येतो."

"परत बसवणारा मी अजून पाहिला नाही," वॉल्ट म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत विचारलं, "डबा उचलेल का हा?"

"नाही उचलणार."

दुकानातून बाहेर येऊन वॉल्ट ट्रकपाशी थांबला. प्रश्न ट्रिगरचा नव्हताच, हे तेव्हा मला कळलं. ट्रिगर तर घ्यायलाच हवा होता, नाहीतर गुरुवार संपला. प्रश्न भिंतीवरच्या खिळ्याचा होता. आणि क्लिफचा.

"ग्लेंडा," तो म्हणाला, "तुझ्या नावावर मागवशील?"

मी हो म्हणाले. का म्हणाले, तर त्याने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

आता आमच्या गावात एमेटच्या काउंटरवर तुमच्या नावाचं खोकं पडलं की ते आधी गावाला कळतं आणि मग तुम्हाला. पुढच्या गुरुवारी मी हालुष्की वाढत होते, आणि क्लिफ ताटली पुढे करून मोठ्याने म्हणाला, "काय गं ग्लेंडा, तू पण आमच्यात आलीस म्हणे! हलका ट्रिगर! ये ये, मोकळ्या गटात जागा आहे. माझ्या खालचा खिळा तुला."

सगळे हसले. मी वॉल्टकडे बघितलं. आता तो काहीतरी बोलेल, निदान विषय तरी बदलेल, असं मला वाटलं. वॉल्टने चष्मा कपाळावर चढवला. आणि म्हणाला, "बोट बदलून घे, ग्लेंडा."

तळघर दणाणलं. सवयीने निघालं असेल त्याच्या तोंडून, मला माहीत आहे. शब्द बाहेर पडताक्षणी त्याचा चेहरा उतरला, तेही मी बघितलं. पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्याच्यासाठी मी हे सोसत होते तोच मला वर टोमणा मारत होता. त्या संध्याकाळी त्याला मी आधीच्या भांड्यात तळाशी उरलेली गार कॉफी दिली. त्याने ती थेंबही न ठेवता प्यायली आणि कप स्वतः धुऊन ठेवला. मी बोलले नाही. नाताळ आला तरी बोलले नाही. खोकं मात्र त्याच्या पोस्टाच्या पेटीत नेऊन टाकलं, कारण गुरुवार बुडू नये एवढी माझी माणुसकी शाबूत होती.

नाताळात बर्नीस अक्रोडाचा रोल घेऊन माझ्या दारात आली. "त्याने बसवलाय तो," ती म्हणाली. "रोज बातम्या चालू असताना टीव्हीवरच्या हवामानवाल्यावर नेम धरून रिकामा खटखट करतो. बिचाऱ्याचा चांगलाच समाचार घेतो. पण तोंड असं करून बसतो की जणू चोरी केलीय. तू त्याच्याशी बोल ना."

"त्याने बोलावं," मी म्हणाले. रोल ठेवून घेतला.

जानेवारीत तपासणीचा गुरुवार आला. वॉल्टने डबा टेबलावर ठेवला आणि एकेकाला बोलावलं. माझं पिस्तूल आलं, हुक लागला, डबा उचलला गेला, ट्रिगर हलला नाही. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. क्लिफ म्हणाला, "अरेच्चा! मग तुझा नवा ट्रिगर कुठे गेला?" मी म्हणाले, "सूपमध्ये घातला." वॉल्ट डब्याकडे बघत होता.

तपासणाऱ्याचं पिस्तूल कोण तपासणार, हा प्रश्न आमच्याकडे कधी कुणी विचारला नव्हता. वॉल्ट स्वतःचं सगळ्यात शेवटी स्वतःच उचलायचा, आणि तोवर लोक निम्मे काउंटरवर, निम्मे कानाला संरक्षक लावत असायचे. तिकडे कुणी बघतही नसे. म्हणजे त्याला काही करायचं नव्हतं. डबा खोक्यात ठेवायचा, 'झालं' म्हणायचं, आणि त्याची पट्टी जिथे होती तिथेच राहिली असती.

लोक उठायला लागले तेवढ्यात वॉल्ट म्हणाला, "क्लिफ, इकडे ये. माझं तू तपास."

क्लिफ हातात सँडविच घेऊन आला. त्याला वाटलं काहीतरी थट्टा आहे. वॉल्टने पिस्तूल रिकामं करून दाखवलं, घोडा ओढला आणि त्याच्या हातात दिलं. ट्रिगरवर बोट टेकवताच क्लिफला समजलं. इतके ट्रिगर हाताळलेला माणूस तो, त्याला समजणारच. त्याने वॉल्टकडे बघितलं. मग वॉल्टच्या बोटाकडे, त्या अक्रोडाकडे. सँडविच बाजूला ठेवलं.

त्याने हुक लावला, नळी छताकडे केली आणि उचलायला सुरुवात केली. डबा झुलू नये म्हणून धरावा तसा त्याचा डावा हात डब्यापाशी गेला. डबा टेबलावरून सुटला. ट्रिगर जागच्या जागी.

"उचलला," क्लिफ म्हणाला. "साधा गट."

मी काउंटरवरून पुढे वाकले होते, म्हणून मला दिसलं. त्याचा अंगठा डब्याच्या बुडाखाली होता. आयुष्यभर ज्याने टोमणे खाल्ले, त्याला ते सव्याज परत करायची वेळ आली होती, आणि तो डबा पेलून उभा होता.

"अंगठा काढ, क्लिफ," वॉल्ट म्हणाला.

"कुठे आहे अंगठा?"

"काढ म्हणतो ना."

क्लिफने अंगठा काढला. खट्.

क्लिफ घाईघाईने म्हणाला, "डब्याचा हुक वाकलाय तुझ्या. तिरका ओढतोय."

"हुक सरळ आहे," वॉल्ट म्हणाला. "बोट वाकलंय." मग आमच्या सगळ्यांकडे वळला. त्याला भाषण करायची सवय नाही, त्यामुळे ते फार लांबलं नाही. "ते खोकं माझं होतं, ग्लेंडाचं नाही. आणि नोव्हेंबरात मी दोनदा हात वर केला तेव्हा पिस्तूल अडलं नव्हतं. एमेट, त्या दोन फेऱ्या काढून टाक." भिंतीपाशी जाऊन त्याने आपली पट्टी काढली आणि मोकळ्या गटात, क्लिफच्या खाली अडकवली. साध्या गटाच्या रांगेत तेवढी फिकट जागा उघडी पडली.

जलद फेरीत भोंगा वाजायच्या आत त्याच्या पाचही गोळ्या सुटल्या. दोन काळ्या वर्तुळाच्या बाहेर गेल्या. त्याच्या मानाने वाईटच. हात मात्र वर झाला नाही.

नंतर तो काउंटरवर आला. मी ताज्या भांड्यातली कॉफी ओतली. तो म्हणाला, "चुकलं माझं." मी म्हणाले, "साखर घे." आमचं तेवढ्यावर मिटलं.

क्लिफ शेजारच्या स्टुलावर येऊन बसला. कप पुढ्यात ओढून कॉफी ढवळायला लागला. मग म्हणाला, "काय रे, घेण्यासारखा आहे का पण? खरं सांग. तूच म्हणायचास ना, पैसे वाया जातात म्हणून."

वॉल्टने खरंच विचार केला. "मला आहे," तो म्हणाला. "तुला नव्हता. एकही नव्हता." क्लिफचे कान लाल व्हायला लागले. वॉल्ट त्याच्याकडे बघत नव्हता, आपल्या हाताकडे बघत होता. "तुझं बोट चांगलं आहे, क्लिफ. पहिल्यापासून चांगलंच होतं. दचकतोस तेवढं काढून टाकू. रविवारी ये."

क्लिफ मान खाली घालून कॉफी ढवळत होता. त्यात साखर घालायची राहिली होती, म्हणून मी बरणी त्याच्यापुढे सरकवली.